बिनसमुद्राच्या मुलखातली कवडी

उत्तरेस गोदावरीची गंगथडी, मधोमध बालाघाटाचा पसरट डोंगर आणि त्याच डोंगरात पाटोद्याच्या बाजूस उगम पावून पूर्वेकडे वळणारी मांजरा, एवढीच ज्या जिल्ह्याची पाण्याची दौलत, आणि ज्याच्या कसब्यापासून पश्चिम समुद्र सरळ रेषेत मोजला तरी जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर, त्या बीड जिल्ह्यात समुद्रातील मृदुकाय प्राण्यांची कवचे देवीच्या उपासकांच्या गळ्यात, बैलांच्या मानेवर, लमाण स्त्रियांच्या ओढणीवर आणि सारीपाटाच्या कापडावर शतकानुशतके खुळखुळत राहिली, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरून चाललो आहोत की त्या कवचांत कधीकाळी एक जीव राहत होता याची आठवण कोणासही होत नाही. अलीकडे मात्र शहरांतून घरोघर काचेच्या पेट्यांत मासे पाळण्याची हौस वाढली, माशांबरोबर पाण्यातल्या गोगलगायीही आल्या, आणि त्या जिवंत गोगलगायीचे कवच रंगवावे, त्यावर चमकदार खडे बसवावेत असे मुलांना व क्वचित त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही वाटू लागले. हे सुरक्षितपणे कसे करावे, असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस वारंवार बीडच्या जुन्या रिवाजांकडे वळावे लागले, कारण कवच सजवणे आणि जिवंत जनावर सजवणे या दोन्ही कला या मुलखाने फार पूर्वी आत्मसात केल्या होत्या. त्या दोहोंची गल्लत मात्र त्याने कधी केली नाही.

समुद्राची वस्तू या पठारावर कोणत्या वाटेने आली याचा माग काढू गेल्यास इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत मागे जाता येते. त्या काळच्या एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात दक्षिणापथातील दोन मोठ्या पेठांची नावे आहेत, एक पैठण आणि दुसरी तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून तगर दहा दिवसांच्या वाटेवर पूर्वेस आहे, आणि दोन्ही पेठांतला माल, म्हणजे पैठणचे गोमेदासारखे दगड व तगरचे कापड, गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जातो, असे तो सांगतो. आता पैठण आणि तेर या दोन ठिकाणांमध्ये नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढावी. ती जवळजवळ बीड शहरावरूनच जाते, आणि बीड तिच्या मध्याशी येते. जुन्या गाडीवाटा पट्टीने आखलेल्या नसतात हे खरे, तरी बालाघाटाचे चढ आणि बिंदुसरेसारख्या नद्यांचे उतार पाहता ती वाट याच मुलखाच्या कुशीतून गेली असली पाहिजे, असे मानण्यास हरकत दिसत नाही. जी गाडी कापड घेऊन बंदरावर गेली ती रिकामी परत आली नसणार. तेरच्या उत्खननांत शंखाच्या बांगड्या मिळाल्या आहेत, त्या अशाच कोणत्या तरी परतीच्या फेरीतून आलेल्या मालाच्या असाव्यात.

शंख मन्नारच्या आखाताचा व सौराष्ट्राच्या किनाऱ्याचा. कवडीचे मूळ घर त्याहून दूरचे. आपल्याकडे जी लहान, पिवळसर पांढरी, कडेला गाठी असलेली कवडी परंपरेने मोलाची मानली गेली ती मुख्यत्वे मालदीव बेटांभोवतीच्या उथळ समुद्रातून येई. नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडून ठेवायच्या, त्यांना कवड्या चिकटल्या की झावळ्या किनाऱ्यावर ओढायच्या, असे त्या बेटांतील पद्धतीचे वर्णन दहाव्या शतकातील अरब ग्रंथकारांनी केले आहे. आणि १३४३ च्या सुमारास त्याच बेटांवर काही काळ काजीचे काम केलेल्या इब्न बतूताने पुढची क्रिया सांगितली आहे. समुद्रातून काढलेल्या कवड्या किनाऱ्यावर खणलेल्या खड्ड्यांत टाकीत, आतील मांस कुजून नाहीसे होई आणि पांढरे कवच शिल्लक राही. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, आणि भाव पडले की बारा लाखांपर्यंत, असा दरही त्याने नोंदवला आहे, आणि बंगालचे व्यापारी तांदळाच्या बदल्यात जहाजे भरभरून त्या नेत असत असेही लिहिले आहे. म्हणजे जो अलंकार पुढे देवीच्या गळ्यात जाऊन पवित्र झाला त्याची पहिली पायरी हा एक दुर्गंधीचा खड्डा होता. हे सांगण्यात कोणाच्या श्रद्धेचा उपमर्द करण्याचा हेतू नाही; कवच आणि जीव यांची फारकत कोठे झाली, एवढेच येथे दाखवायचे आहे.

कवडीचे चलन म्हणून जे माहात्म्य होते त्याचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही, तरी दोन आकडे सांगितल्यावाचून राहवत नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त आरंभीच्या परिभाषेत वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क असे कोष्टक दिले आहे, आणि हा वराटक म्हणजेच कवडी, त्या हिशेबाने एका निष्काच्या वीस हजार चारशे ऐंशी कवड्या होतात. (भास्कराचार्यांच्या गावाचे नाव विज्जलविड. ते बीडच असावे असा तर्क नावाच्या साम्यामुळे अधूनमधून केला जातो, आणि बीडकरांस तो प्रिय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रंथात ते गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे म्हटले असल्याने, आणि आचार्यांच्या वंशजांचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला असल्याने, तिकडचेच पारडे आम्हांस जड वाटते.) दुसरा आकडा बंगालचा. कंपनी सरकारच्या आरंभीच्या अमलात, १७७८ च्या सुमारास, सिल्हट जिल्ह्यावर रॉबर्ट लिंडसे नावाचा अंमलदार रुजू झाला तेव्हा त्या जिल्ह्याचा अडीच लाख रुपयांचा वसूल सगळाच्या सगळा कवड्यांत येत असे, आणि रुपयास पाच हजार एकशे वीस कवड्या हा दर धरला तर ती संख्या एकशे अठ्ठावीस कोटींवर जाते. त्या साठवायला गोदामे आणि ढाक्यास न्यायला नावांचा तांडा लागे. याच जातीच्या कवड्या डच व इंग्रज व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेऊन त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली, हा या शुभ्र वस्तूच्या इतिहासातील सर्वांत काळा भाग होय. दख्खनमध्ये जमाबंदीचे आकडे होन, टक्के आणि रुपयांत मांडले जात; येथे कवडीने सरकारी खजिना कधी भरला नाही, आणि म्हणूनच की काय, ती अंगावर मिरवायला मोकळी राहिली.

ती अंगावर मिरवावीशी का वाटली, याचे कारण तिच्या झिलईत आहे, आणि या झिलईचे रहस्य समजून घेतल्याशिवाय गोगलगायीच्या प्रश्नाचा उलगडा होत नाही. समुद्रात जिवंत असलेली कवडी आपल्या अंगाची एक मऊ, पातळ घडी दोन्ही बाजूंनी वर आणून कवचाच्या पाठीवर पांघरते. ही घडीच कवच घडवणारी. ती बाहेरून पुन्हा पुन्हा फिरत असल्यामुळे कवडीच्या पाठीवर बाहेरूनही थरावर थर चढत जातात, ओरखडे बुजतात, शेवाळ धरत नाही, आणि प्राणी गेल्यावरही कोणत्याही पॉलिशशिवाय ती काचेसारखी चमकत राहते. गोगलगाईचे, मग ती शेतातली असो की तळ्यातली, असे नाही. तिची कवच घडवणारी घडी कवचाच्या तोंडाशी आणि आतच राहते. नवे कवच केवळ ओठाच्या कडेला वाढते, आतून जाडी येते, पण एकदा मागे पडलेल्या वेढ्याच्या बाहेरच्या अंगाला तिचे शरीर पुन्हा कधीही स्पर्श करीत नाही. त्या बाहेरच्या अंगावर एक पातळ, चिवट, तपकिरी त्वचेसारखा थर असतो, आणि त्याच्याखाली चुनखडीचे खरे कवच. हा थर खरवडला गेला की तेवढी जागा आयुष्यभर उघडी पडते. कवडीने स्वतःला सजवण्याची सोय स्वतःच करून ठेवली आहे, गोगलगाईला ती सोय निसर्गाने दिलेली नाही.

आता ही कवडी बीडच्या माणसांनी कशी वागवली ते पाहू. तुळजापूर जवळच असल्याने भवानीची उपासना जिल्ह्यात घरोघर, आणि अंबाजोगाईची योगेश्वरी तर जिल्ह्याचीच देवता. समुद्रकाठच्या कोकणातील अनेक कुळांची ती कुलस्वामिनी आहे, आणि परळीच्या वैजनाथाशी ठरलेला तिचा विवाह मुहूर्त टळल्यामुळे झाला नाही, म्हणून कोकणातून आलेली ही देवी येथेच राहिली, अशी कथा अंबाजोगाईत सांगतात. देवीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि त्या वेताच्या किंवा बांबूच्या परडीच्या कडेलाही कवड्या. भुत्याच्या अंगावर तर तेलाने माखलेल्या झग्यावर आडव्यातिडव्या माळाच माळा, आणि हातात पेटता पोत. गोंधळी संबळ वाजवायला उभा राहिला की त्याच्या छातीवरची माळ तालात हलते. आराधिणीने ‘जोगवा’ म्हणून परडी पुढे केली की तिच्यात पीठ पडते, आणि ती मागणारी बाई श्रीमंत घरची असली तरी तिने पाच घरी फिरावेच लागते. निजामाच्या अमलात अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद झाले, तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी बसली, जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदार पाहू लागला, फर्माने उर्दूत निघू लागली. नवरात्रातल्या परडीच्या कवड्यांत त्यामुळे काही फरक पडल्याचे दिसत नाही.

या माळा आणि पट्टे तयार करण्याची कृती जवळून पाहण्याजोगी आहे. कवडी जशीच्या तशी ओवता येत नाही. तिला एका बाजूला दात असलेली चीर आहे आणि दुसऱ्या बाजूला फुगलेली पाठ. कारागीर ती पाठ वर येईल अशी कवडी दगडावर धरतो आणि हलक्या हातोडीचा एक नेमका घाव घालून पाठीचा फुगवटा उडवतो, किंवा खरबरीत दगडावर घासून सपाट करतो. घाव जास्त बसला तर कवडी दुभंगते आणि ‘फुटकी कवडी’ हा शब्दप्रयोग कारागिराच्या तोंडून शिवीसारखा बाहेर पडतो. पाठ गेली की खालून आरपार वाट मिळते, त्यातून मेण लावलेला दोरा जातो, आणि कवडी चामड्याच्या किंवा सुताच्या पट्टीवर दातांची बाजू वर करून घट्ट बसते. पुढची कवडी पहिलीच्या टोकावर किंचित चढवतात, म्हणजे मधला दोरा दिसत नाही. जुन्या पट्ट्यातील कवडी मालदीवची की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकात फार मोठ्या प्रमाणात व्यापारात उतरलेली, पाठीवर नारिंगी कडे असलेली, हे ओळखायचे तर पंचाईत होते, कारण ओळखीची खूण असलेली पाठच उडवलेली असते. मग बाह्याकारावरून, कडेच्या गाठींवरून, अंदाज बांधावा लागतो. बीड शहर चामड्याच्या कामासाठी, विशेषतः पाणी वाहून न्यायच्या छागलींसाठी, आणि काठीत लपवलेल्या पात्याच्या गुप्तींसाठी एकेकाळी प्रसिद्ध होते, हे येथे नमूद केले पाहिजे. ज्या पेठेत चामडे शिवणारे हात आहेत तेथे जनावरांच्या गळ्यातल्या पट्ट्यांना कवड्या टाकून देणारे हातही असायचेच.

लमाणांचे प्रकरण स्वतंत्र ग्रंथाच्या योग्यतेचे आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे धान्य-मिठाचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे, आणि दख्खनच्या मोहिमांत दोन्ही बाजूंच्या लष्करांना रसद पुरवणारे हे लोक रेल्वे आली तेव्हा बेकार होऊन डोंगराच्या कडेकडेने स्थिरावले. बीड जिल्ह्यातील अनेक तांडे त्यांचेच. तांड्याच्या अग्रभागी चालणारा बैल कवड्या, घागऱ्या आणि गोंडे यांनी मढवलेला असे. स्त्रियांच्या भरतकामात कवडी अजून आहे. पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर ठेवायच्या इंढोणीच्या कडेने, आणि तिच्यामागे पाठीवर सोडलेल्या भरजरी पट्टीवर, कवड्यांच्या ओळी असतात. मालदीवच्या खड्ड्यातून निघालेली कवडी बालाघाटाच्या एखाद्या तांड्यावर विहिरीच्या वाटेने डुलत जाते, आणि ती कशी आली हे विचारण्याची गरज तांड्यातल्या कोणाला वाटत नाही.

जिवंत जनावर सजवायचा दिवस मात्र पोळ्याचा. त्याची सुरुवात रंगाने होत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेला बैलाचा खांदा तुपाने, हळदीने किंवा तेलाने चोळायचा, गरम पाण्याने शेकायचा, आणि उद्या जेवायला यायचे आमंत्रण त्याच्या कानात द्यायचे. दुसऱ्या दिवशी आंघोळ, आणि मग शिंगांचा नंबर. शिंगे साळायची, त्यांना हिंगूळ किंवा अलीकडे डब्यातला तेलरंग लावायचा, टोकांना पितळी शेंब्या, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगूरमाळ आणि कवड्यांचा पट्टा, पाठीवर झूल. या साऱ्या शृंगारात शिंग हीच एक जागा अशी की जेथे सजावट जनावराच्या अंगालाच लागते. शिंगाचे बाहेरचे आवरण केसा-नखांच्या द्रव्याचे, त्याला वेदना नाही. पण आत हाड आहे, रक्त आहे, आणि कवटीच्या पोकळ्यांशी त्याचा संबंध आहे. शिंग खोलवर साळल्यास इजा होते हे गावातला जाणता माणूस पूर्वीपासून सांगत आला. आणि आपल्याकडच्या बैलांत आढळणाऱ्या शिंगाच्या कर्करोगाची कारणे शोधताना पशुवैद्यकांनी दोरीचे काचणे व ऊन यांच्याबरोबर या साळण्या-रंगवण्याकडेही संशयाने पाहिले आहे. रंगवायचे ते मृत आवरण, आणि त्याच्या खाली जीव किती खोलवर आला आहे हे आधी माहीत पाहिजे, हा नियम पोळ्याने कधी लिहून ठेवला नाही, पण शेतकऱ्याच्या हाताने तो पाळला.

याच शेतकऱ्याची गोगलगाईशी गाठ पडली ती सजावटीच्या निमित्ताने नव्हे. २०२२ च्या खरिपात बीड, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीनचे कोवळे पीक शंखी गोगलगायींनी रात्रीत कुरतडून टाकले. अंबाजोगाई, केज या भागांत दुबार पेरणीची पाळी आली, माणसे पहाटे बॅटरी घेऊन बांधावर गोगलगायी वेचू लागली, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे शेतात ठिकठिकाणी अंथरून सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकू लागली. हा प्राणी मूळचा पूर्व आफ्रिकेचा. विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या इंग्रज अभ्यासकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून काही नग कलकत्त्यास आणले, आणि ते एका बागेत सोडले गेले, अशी त्याच्या हिंदुस्थानातील आगमनाची हकीकत आहे. हौसेने आणलेला जीव बागेबाहेर पडला म्हणजे काय होते, याचा पुरावा पावणेदोनशे वर्षांनी बीडच्या शेतात रुजू झाला. ज्या हाताने ही गोगलगाय मिठात टाकली त्याच हाताने काचेच्या पेटीतील तिच्या भावंडाच्या पाठीवर चकाकी लावावी, हा विरोधाभास आहे खरा, पण माणसाच्या प्राण्यांशी असलेल्या व्यवहारात असे विरोधाभास नवे नाहीत. पोळ्याला ओवाळलेला बैल बाजारातही जातो.

तर आता काचेच्या पेटीकडे वळू. तेथे असते ती बहुधा सफरचंद गोगलगाय, पिवळी, निळसर किंवा तपकिरी. तिच्या तोंडाला झाकण असते, आणि आपल्या तळ्यांतील देशी नातलगाप्रमाणे ती कल्ल्याने पाण्यात आणि फुप्फुसाने हवेतही श्वास घेते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने ती काचेवरून वर चढून एक नळीसारखा अवयव पाण्याबाहेर काढते. मादी अंडी घालायलाही पाण्याच्या वर येते. या चढण्या-उतरण्याचा सारा भार पाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका मऊ स्नायूवर. त्या पाठीवर काचेचे खडे, मणी किंवा शिंपले चिकटवून वजन वाढवले तर ती काचेवरून घसरते, उलटी पडली तर तिला पालथे होणे अवघड जाते, आणि चिकटवलेली वस्तू ओठाजवळ असेल तर झाकण नीट मिटत नाही. नखांना लावायच्या रंगातील द्रव्ये ओली असताना पाण्यात उतरतात. रंग वाळला तरी काम संपत नाही, कारण गोगलगाईच्या तोंडात कानसीसारखी दातेरी जीभ असते, आणि चुना कमी पडला की गोगलगायी एकमेकींचे कवच खरवडून खातात. मग एकीच्या पाठीवरचा रंग दुसरीच्या पोटात जातो. तांबे तर या प्राण्यांस विषच. माशांच्या रोगांवरची कित्येक औषधे ताम्रयुक्त असतात, आणि तांब्याची तार गुंडाळून केलेला अलंकार म्हणजे तिच्या गळ्यात बांधलेला मृत्यूच होय.

मग सुरक्षित असे काहीच नाही का? प्राणिशास्त्रज्ञ शेतातल्या आणि पाण्यातल्या गोगलगायींवर खुणा करतात, कारण कोणती कोठे गेली हे त्यांना मोजायचे असते, आणि त्यांची रीत पाहिली तर मर्यादेचा अंदाज येतो: कवच पुसून कोरडे करायचे, तोंडापासून दूर, जुन्या वेढ्यावर, टाचणीच्या डोक्याहून फारसा मोठा नाही असा रंगाचा एक ठिपका किंवा कागदाएवढा पातळ क्रमांक लावायचा, तो पूर्ण वाळेपर्यंत प्राण्याला ओलसर कापडावर ठेवायचे, आणि मग परत सोडायचे. खरवडायचे नाही, सँडपेपर लावायचा नाही, आणि ठिपक्याची माळ करायची नाही. उघड्यावरच्या गोगलगाईच्या बाबतीत तर रंग हा शोभेचा प्रश्नही राहत नाही; इंग्लंडात केन आणि शेपर्ड या दोघा शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की कवचाचा रंग व पट्टे आसपासच्या गवता-पाचोळ्याशी जुळले नाहीत तर थ्रश पक्षी त्या गोगलगायी आधी टिपतो आणि दगडावर आपटून फोडतो. पेटीत पक्षी नाहीत, हे कबूल. पण रंग हा त्या प्राण्याच्या जीविताचा भाग आहे, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

ज्यास गोगलगाय देखणी हवी असेल त्याने तिचे पाणी सुधारावे. काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते, आणि ज्या जडपणाबद्दल आपल्या बायका डाळ शिजत नाही म्हणून तक्रार करतात तोच चुन्याचा अंश गोगलगाईच्या कवचाला लाभतो. आम्लधर्मी, मऊ पाण्यात कवचाचे टोक सर्वांत आधी पांढरे पडते आणि मग त्यात खड्डे पडतात. उकळून, वाळवून, बारीक केलेले अंड्याचे टरफल किंवा माकुलाचे हाड पेटीत टाकल्यास ओठाजवळ वाढणारा नवा वेढा गुळगुळीत, चकचकीत निघतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावे म्हणून ते एक दिवस उघडे ठेवावे. सजावटीची फारच हौस असेल तर ती पेटीच्या तळाशी करावी, तेथे मोठे रिकामे शंख ठेवावेत. मात्र समुद्री शंख-कवड्या विकत घेताना चौकशी करावी, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ पासून कवड्यांच्या काही जातींसह अनेक समुद्री शंखांची भर पडली आहे.

आणखी एक खबरदारी. तळ्यातली देशी गोगलगाय पकडून घरच्या पेटीत आणू नये, आणि पेटीतली विहिरीत, कालव्यात किंवा माजलगावच्या धरणात सोडू नये. तळ्याकाठच्या काही गोगलगायींच्या शरीरात जनावरांच्या यकृतातील चपट्या कृमींची पिल्ले वाढतात आणि तेथून ओल्या गवतावर येतात, पाणथळीचा चारा खाणारी गुरे खंगतात ती यामुळे. माणसाचा संबंधही दूरचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी १९५२ मध्ये मूत्रमार्गातील कृमिरोगाचे जे प्रकरण उघडकीस आले त्याच्या मुळाशीही पाण्यातली एक क्षुल्लक वाटणारी गोगलगायच होती.

पेटीतील गोगलगाय म्हातारपणी मरते तेव्हा तिचे कवच रिकामे होते, आणि तेथून पुढचे काम मालदीवच्या आणि बीडच्या जुन्या रीतीने करता येते. मेलेल्या प्राण्यामुळे पाणी फार लवकर नासते, तेव्हा ती तोंड मिटून हलेनाशी झाली, उचलली तर हलकी लागली आणि वास येऊ लागला की लगेच बाहेर काढावी. कवच काही दिवस वेगळ्या भांड्यात पाण्यात बुडवून ठेवावे, आतील अंश धुऊन टाकावा, आणि सावलीत वाळवावे. या कवचाला कवडीची जाडी नाही, म्हणून हातोडीचा घाव चालत नाही. ओठापासून बोटभर आत, ओले ठेवून, बारीक सुईच्या गिरमिटाने हळूहळू भोक पाडावे लागते, आणि तरीही तीनातले एक तडकतेच. उरलेल्यांवर मग हवा तो रंग चढवावा, दोरा ओवावा, आणि पोळ्याला मिळाले तर एखाद्या वासराच्या गळ्यात बांधावीत.